भय, धैर्य आणि एक निर्भय उंदीर

मंडळीतील एखाद्या बांधवाचा पाय मोडला, तर आपण त्याच्यासाठी प्रार्थना करतो आणि त्याला दवाखान्यातही नेतो. विश्वास उणा पडला म्हणून हाड मोडले, असे त्याला कोणी सुनावत नाही. सुनावलेच तर इतर लोक त्या बोलणाऱ्याला गप्प बसवतील. पण तोच बांधव काही महिन्यांनी पाळकांना भेटून संकोचाने सांगू लागला, की अपघातापासून मला रात्री झोप लागत नाही, मोटारीचा कर्णा ऐकला की छातीत धडधडते, उपासनेच्या गर्दीत बसवत नाही, तर मात्र आपली भाषा निराळी होते. विश्वास ठेवा, वचन वाचा, भिऊ नका, असे आपण त्याला सांगतो. सांगणाऱ्याच्या मनात प्रेमच असते, याविषयी शंका नाही. परंतु ऐकणारा घरी जाताना दोन ओझी घेऊन जातो. भयाचे ओझे होतेच. त्यावर आता अपराधीपणाचे ओझे चढते. आपण भितो, म्हणजे आपण देवावर अविश्वास दाखवतो, असे त्याला वाटू लागते.

म्हणून, वाचकहो, एक प्रश्न आपण सरळ विचारू या. भय हे पाप आहे काय? आणि ज्याला भय वाटत नाही, तो त्या कारणाने अधिक विश्वासू ठरतो काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पवित्र शास्त्राकडे वळणे आपले कर्तव्यच आहे व तसे आपण वळणारही आहोत. पण त्याआधी एका सामान्य साक्षीदाराची साक्ष काढावी, असे मला वाटते. हा साक्षीदार म्हणजे प्रयोगशाळेतील उंदीर. त्याच्या शरीरातून भयाचा एक दुवा मुद्दाम काढून टाकण्यात आला, आणि त्यामुळे जे दिसले ते आपल्या प्रश्नाशी फार जवळचे आहे.

प्रथम शरीरात काय घडते ते पाहू. समोर अचानक संकट उभे राहिले, की काही क्षणांतच अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात येते, हृदय जोराने धडकू लागते, श्वास वाढतो, हातपाय पळण्यास किंवा झुंजण्यास सिद्ध होतात. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत या अवस्थेचा सविस्तर अभ्यास केला. याच्या जोडीला दुसरी, थोडी सावकाश चालणारी साखळीही सुरू होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. तेथून सी.आर.एच. नावाचे संप्रेरक निघते व जवळच्या पिट्यूटरी ग्रंथीला निरोप देते. ती ग्रंथी रक्तावाटे मूत्रपिंडांवरील अ‍ॅड्रिनल ग्रंथींना निरोप धाडते, आणि त्या ग्रंथी ताणाचे संप्रेरक रक्तात सोडतात. माणसात ते मुख्यतः कॉर्टिसॉल असते, उंदरात कॉर्टिकोस्टेरोन. हे संप्रेरक काही मिनिटांत वाढते, साठवलेली साखर कामास लावते, आणि पुरेसे झाले की मेंदूला परत कळवते, की आता थांबा. अशी ही साखळी स्वतःच स्वतःला आवर घालते.

या साखळीतील पहिला निरोप्या जो सी.आर.एच., त्याची रचना अमेरिकेतील सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये वाइली व्हेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या मेंदूंतून शोधून काढली व १९८१ साली प्रसिद्ध केली. ४१ अमिनो आम्लांची ही छोटी माळ आहे. तिचा निरोप पोहोचण्यासाठी पेशीवर तिला जुळणारा ग्राही असावा लागतो. किल्लीला जसे कुलूप, तसा. असे दोन प्रकारचे ग्राही आहेत. पहिल्या प्रकारचे ग्राही पिट्यूटरी ग्रंथीत आणि मेंदूच्या इतर अनेक भागांत आढळतात.

हे कुलूपच काढून टाकले तर काय होईल? पूर्वी असा प्रश्न केवळ कल्पनेत विचारता येत असे. १९८० च्या दशकात मारिओ कॅपेकी, मार्टिन इव्हान्स व ऑलिव्हर स्मिथीज यांच्या कार्यामुळे उंदराच्या एखाद्या ठरावीक जनुकाला निकामी करून तशी पिढी जन्माला घालणे शक्य झाले. या कार्याबद्दल तिघांना २००७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९८ साली दोन संशोधकगटांनी, एक सॉल्क इन्स्टिट्यूटशी निगडित व दुसरा जर्मनीतील म्युनिकच्या माक्स प्लांक मनोविकार संस्थेशी निगडित, सी.आर.एच. च्या पहिल्या ग्राहीचे जनुक निकामी केलेले उंदीर कसे वागतात ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले.

साधा उंदीर काही काळ अरुंद जागेत कोंडून ठेवला, म्हणजे त्याच्या रक्तात ताणाची संप्रेरके भराभर वाढतात. या बदललेल्या उंदरांत ती वाढ जवळपास झालीच नाही. भीतीची परीक्षा घेण्यासाठी एक साधन वापरतात. अधिकच्या चिन्हासारखा चार फाट्यांचा एक मार्ग जमिनीपासून उंच ठेवलेला असतो. त्याचे दोन फाटे भिंतींनी बंदिस्त असतात, दोन उघडे. साधा उंदीर बराचसा वेळ भिंतींच्या आडोशाला काढतो, कारण उघड्यावर शत्रूचे भय असते. बदललेले उंदीर मात्र उघड्या फाट्यांवर अधिक वेळ रमले. उजेड आणि अंधार असे दोन कप्पे असलेल्या पेटीतही ते उजेडाला कमी बिचकले.

आता आपण स्वतःला विचारू या, की हा उंदीर धैर्यवान आहे काय? माझ्या मते या प्रश्नाला आपले सर्वांचे उत्तर एकच येईल: नाही. त्याने भयावर मात केलेली नाही, कारण मात करावी असे काही त्याच्यापुढे पुरेसे उभेच राहिले नाही. निरोप पोहोचलाच नाही, म्हणून तो उघड्यावर गेला. त्याला शूर म्हणणे हे बहिऱ्या माणसाला निंदा ऐकून न रागावणारा क्षमाशील म्हणण्यासारखे आहे.

हा विचार ख्रिस्ती परंपरेला नवा नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात म्हटले आहे, की ज्याला भूकंपाचे वा लाटांचेही भय वाटत नाही, त्याला शूर म्हणण्यापेक्षा वेडा किंवा संवेदनाहीन म्हणावे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात धैर्य या सद्गुणाची चर्चा करताना, भय हे पाप आहे काय, हाच प्रश्न घेतला. त्यांच्या उत्तराचा आशय असा, की भयाची भावना स्वतः पाप नव्हे. विवेकाने जे सोसावयास सांगितले त्यापासून भयाच्या आहारी जाऊन पळणे, हा दोष होय. आणि लगेच पुढच्याच प्रकरणात त्यांनी निर्भयपणाचा विचार केला व अवाजवी निर्भयपणाही धैर्याच्या विरुद्ध जाणारा दोष आहे, असे प्रतिपादन केले. सात शतकांनंतर प्रयोगशाळेतील त्या उघड्या फाट्यावर आपल्याला जणू त्याच विवेचनाचे उदाहरण पाहावयास मिळते.

या उंदराच्या निर्भयपणाला किंमतही होती. पिंजऱ्याबाहेर, जेथे मांजर आहे व घार आहे, तेथे उघड्यावर रमणारा उंदीर किती दिवस जगेल, हे सांगण्यास शास्त्रज्ञ नको. पण याहून विलक्षण गोष्ट निराळीच आहे. १९९५ साली सी.आर.एच. हेच संप्रेरक तयार न करू शकणाऱ्या उंदरांविषयी एक शोध प्रसिद्ध झाला होता. ज्या पिलांना आणि ज्यांच्या मातांनाही हे संप्रेरक नव्हते, ती पिले जन्मानंतर थोड्याच वेळात मरण पावली. त्यांची फुप्फुसे पक्व झालेली नव्हती. गर्भवती मातेच्या पिण्याच्या पाण्यात ताणाचे संप्रेरक मिसळून दिले, तेव्हा पिले जगली. ज्या द्रव्याला आपण भीतीचे व ताणाचे म्हणून ओळखतो, तेच द्रव्य जीवाला पहिला श्वास घेण्यासाठी सिद्ध करते! माणसाच्या बाबतीतही हे खरे आहे. न्यूझीलंडमधील लिगिन्स व होवी यांनी १९७२ साली दाखवून दिले, की दिवस पुरे भरण्याआधी प्रसूती होण्याचा धोका असलेल्या मातेला याच जातीचे औषध टोचल्यास बाळाला श्वासाचा त्रास कमी होतो. आज आपल्या देशातील रुग्णालयांतही हे औषध दिले जाते. आपल्यापैकी कोणाच्या घरात अपुऱ्या दिवसांचे बाळ वाचले असेल, तर त्यात या द्रव्याचा वाटा असण्याचा संभव आहे.

तेव्हा भय हे पतनानंतर आपल्या देहात शिरलेले एखादे विष आहे, असे समजणे कठीण जाते. ज्या हाताने फुप्फुसे घडवली, त्याच हाताने ही साखळीही घडवली. आणि तिच्यात सावरण्याची सोयही ठेवली. २००० साली सी.आर.एच. च्या दुसऱ्या ग्राहीचे जनुक निकामी केलेल्या उंदरांविषयी तीन गटांनी निष्कर्ष मांडले. सर्व निरीक्षणे एकसारखी नव्हती; पण या उंदरांचा ताणाला मिळणारा प्रतिसाद बिघडलेला होता, एका गटाला ते ताणाने अधिक लवकर विचलित होणारे आढळले, तर दुसऱ्याला ताणानंतर त्यांचे शरीर पूर्वपदावर येण्यास उशीर होतो असे दिसले. म्हणजे एक कुलूप प्रामुख्याने भय जागे करण्यास मदत करते, तर दुसरे त्याला आवर घालण्यात सहभागी असते. घाबरणे व सावरणे या दोन्ही गोष्टी देहातच लिहिलेल्या आहेत.

येथे आपल्या देशातील एक संशोधन सांगितलेच पाहिजे, कारण आरंभी ज्या बांधवाचा उल्लेख केला त्याच्या दुखण्यावर ते थेट प्रकाश टाकते. बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रॅट जातीच्या मोठ्या उंदरांवर अभ्यास केला. या उंदरांची जनुके बदललेली नव्हती. त्यांना एकदाच, केवळ दोन तास, हालचाल करता येणार नाही असे जखडून ठेवले. दुसऱ्या दिवशी मेंदूच्या अमिग्डला या भागात, जो भयाच्या अनुभवाशी निगडित आहे, विशेष फरक दिसला नाही. परंतु दहा दिवसांनी पाहिले तेव्हा तेथील मज्जापेशींच्या शाखांवर नव्या संपर्ककाट्यांची संख्या वाढलेली होती, आणि प्राणी अधिक भित्रे झाले होते. हा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०१२ साली याच केंद्रातून आणखी एक गोष्ट पुढे आली. ताणाचे संप्रेरक आधीच देऊन ठेवले असता, एकाच आघाताचा हा उशिरा दिसणारा परिणाम टळला. ज्याला आपण शत्रू समजत होतो, त्याने येथे रक्षकाचे काम केले.

उंदरावरून माणसाचे अनुमान जपूनच काढावे लागते. तरीही एवढे लक्षात घेण्याजोगे आहे, की आघात होऊन गेल्यावर, सर्व काही शांत झाल्यासारखे वाटल्यावर, मेंदूत भयाची बांधणी सुरू होऊ शकते. "एवढे दिवस झाले, आता कसली भीती?" असे आपण ज्याला विचारतो, त्याच्या दुखण्याची कदाचित ती सुरुवात असते. त्याने हे भय निवडलेले नाही. रात्री तीन वाजता अंथरुणावर उठून बसणे हा त्याचा देवाविषयीचा अभिप्राय नव्हे.

आता शास्त्राकडे वळू. १ राजे १९ व्या अध्यायात एलीया संदेष्ट्याची कथा आहे. कर्मेल डोंगरावर बालदेवतेच्या शेकडो संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिलेला हा पुरुष, ईजबेल राणीची धमकी येताच जीव घेऊन पळाला. रानात एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले व तो झोपी गेला. देवाने काय केले? दूत पाठवला. दूताने त्याला स्पर्श केला, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी दाखवले आणि उठून खाण्यास सांगितले. एलीयाने खाल्ले व तो पुन्हा झोपला. दूत दुसऱ्यांदा आला व पुन्हा खाऊ घातले. पुढचा प्रवास तुला झेपणारा नाही, हे त्याने जाणले होते. तू येथे काय करतोस, हा देवाचा प्रश्न आला तो भोजनानंतर, विश्रांतीनंतर, आणि चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर. देवाने प्रथम देहाची विचारपूस केली आणि मग आत्म्याशी संवाद केला. आपण मात्र पुष्कळदा भाकर विसरतो व प्रश्नापासूनच आरंभ करतो.

पौलाचे पाहा. करिंथकरांस लिहिताना त्याने लपवाछपवी केली नाही. आपण तुमच्याकडे अशक्तपणात, भीतीत व थरथरत आलो, असे तो पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात कबूल करतो. आणि मासेदोनियात असताना बाहेर भांडणे व आतून भये होती, असे दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात लिहितो. यासाठी त्याने क्षमा मागितलेली नाही. आणि पौलापेक्षा थोर उदाहरण आपल्यापुढे आहेच. गेथशेमाने बागेत आपला प्रभू व्याकूळ व अस्वस्थ झाला, असे मार्काने स्वच्छ लिहिले आहे. इब्री लोकांस पत्राचा लेखक त्याच्या मोठ्या आक्रोशाची व अश्रूंची आठवण देतो. जो निष्पाप होता, त्याच्या देहालाही हे कंप ठाऊक होते. मग भयाची भावना हेच पाप आहे, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार? तो प्याला दूर व्हावा असे त्याला वाटले, ते त्याने पित्याला सांगितले, मित्रांनी जागे राहावे अशी विनंती केली, आणि पित्याच्या इच्छेला होकार दिला. भय निघून गेल्यावर आलेला हा होकार नव्हे. भयाच्या आतून तो आला आहे.

येथे कोणी वाचक दोन आक्षेप घेतील व ते रास्त आहेत. पहिला असा, की प्रभूने शिष्यांना अल्पविश्वासी म्हटले नाही काय? म्हटले. पण पेत्र पाण्यात बुडू लागला तेव्हाचा क्रम पाहा. मत्तयाच्या चौदाव्या अध्यायात प्रभूने आधी हात पुढे करून त्याला धरले व मग तो बोलला. तारवातील वादळाच्या प्रसंगी मत्तय प्रश्न आधी सांगतो व मार्क वादळ शांत झाल्यावर. तरी दोन्हीकडे बोलणारा स्वतः त्याच तारवात, त्याच लाटांत होता. काठावर उभे राहून बुडणाऱ्याला अल्पविश्वासी म्हणण्याचा अधिकार या वचनांतून आपल्याला मिळत नाही.

दुसरा आक्षेप योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायाचा. पूर्ण प्रीती भीती घालवून देते, असा तेथे आशय आहे. परंतु मागचेपुढचे वाचले, तर तेथे न्यायाच्या दिवसाचा विषय आहे व शिक्षेच्या भीतीविषयी योहान बोलत आहे. देव मला टाकून देईल, ही ती भीती. ती प्रीतीने जावी, हे अगदी खरे. आणि विचार करा: भयभीत माणसाला, तुझे भय हाच तुझा अविश्वास, असे सांगून आपण नेमकी कोणती भीती त्याच्या मनात घालतो? जी घालवण्यासाठी योहानाने लिहिले, तीच! भिऊ नका, हे देवदूतांचे शब्द जखऱ्याला, मरीयेला व मेंढपाळांना उद्देशून आले, तेव्हा ते सर्व आधीच भ्यालेले होते. त्या शब्दांत धीर आहे. आरोप म्हणून ते कधी उच्चारले गेले नाहीत.

आणखी एक शंका आजच्या सुशिक्षित तरुणांच्या मनात येते. भय जर संप्रेरकांचा खेळ आहे, तर धैर्य व विश्वास हाही तसाच खेळ नव्हे काय? उद्या एखादी गोळी सर्वांना निर्भय करील, मग सद्गुण कशाला? या शंकेला विज्ञानानेच एक नम्र उत्तर दिले आहे. १९९८ च्या निष्कर्षांनंतर सी.आर.एच. चा पहिला ग्राही अडवणारी औषधे माणसांवर तपासण्यात आली. आरंभीच्या एका छोट्या चाचणीने आशा वाढवली. परंतु पुढे नैराश्य व चिंताविकार यांवरील चाचण्यांत अपेक्षित गुण दिसून आला नाही. अशाच प्रकारचे एक औषध, क्रिनेसरफॉन्ट, अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्य झाले, ते अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या एका जन्मजात विकारासाठी. भयासाठी शोधलेली वाट दुसऱ्याच रुग्णांच्या उपयोगी पडली. माणसाचे भय एका कुलपाएवढे सोपे नाही, एवढे यावरून दिसते. चिंताविकारावर इतर औषधे व समुपदेशन आज उपलब्ध आहे व त्यांचा अनेकांना लाभ होतो. ती घेणे हे विश्वास सोडणे नव्हे. चष्मा लावणाऱ्याला आपण तसे म्हणत नाही.

पण शंकेचे मूळ उत्तर त्या उंदरापाशीच आहे. भय काढून घेतल्याने धैर्य निर्माण झाले नाही, एवढे त्याने दाखवले. भय हा धैर्याचा कच्चा माल आहे. तो प्रत्येकाच्या वाट्याला सारखा येत नाही. कोणी जन्मतःच हळवा असतो, कोणावर बालपणी आघात झालेला असतो, कोणाच्या देहाला सावरण्यास वेळ लागतो. म्हणून धैर्याचे माप बाहेरून घेता येत नाही. मार्काच्या बाराव्या अध्यायात विधवेने दानपेटीत टाकलेली दोन नाणी आठवा. प्रभूने रक्कम मोजली नाही. तिच्याकडे काय शिल्लक होते, ते त्याने पाहिले. जो निर्धास्त स्वभावाचा माणूस व्यासपीठावरून तासभर बोलतो, त्याने कदाचित आपल्या भरपूर साठ्यातून थोडे दिले असेल. आणि जी भगिनी घाम पुसत, दाराजवळच्या शेवटच्या बाकावर दहा मिनिटे बसून निघून जाते, तिने आपल्याजवळ होते नव्हते तेवढे धैर्य त्या दहा मिनिटांत खर्च केलेले असू शकते. तिला आपण उशिरा येणारी व लवकर जाणारी म्हणून ओळखतो. प्रभू तिला कशी ओळखत असेल?

शेवटी त्या साक्षीदाराविषयी, ज्याच्या साक्षीवर आपण एवढे बोललो, दोन शब्द बोलणे न्यायाचे होईल. हे ज्ञान मिळवण्यासाठी मुक्या जीवांना जखडले गेले, घाबरवले गेले, आणि मारलेही गेले. हे योग्य होते काय? येथे एक पेच आहे व तो टाळून चालणार नाही. उंदराचे भय आपल्या भयासारखे मुळीच नसेल, तर त्या प्रयोगांतून आपल्याविषयी काही कळणार नाही. आणि ते आपल्यासारखे असेल, तर त्याचे दुःखही काही अंशी आपल्यासारखे आहे, व ते मोजावेच लागेल. पृथ्वीवर सत्ता चालवण्याची आज्ञा माणसाला मिळाली, पण नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाकडे लक्ष देतो, हेही नीतिसूत्रांत सांगितले आहे. योनाच्या पुस्तकाच्या अखेरीस निनवे नगराची कीव करताना देव माणसांबरोबर तेथील गुराढोरांचाही उल्लेख करतो. चिमणीला तो विसरत नाही, तर उंदराला विसरेल असे कसे मानावे?

१९५९ साली रसेल व बर्च या ब्रिटिश अभ्यासकांनी तीन नियम मांडले: जेथे शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग वापरावा, प्राण्यांची संख्या कमी करावी, आणि त्यांच्या यातना कमी कराव्यात. आपल्या देशाचा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही प्रयोगांना परवानगी देताना अनावश्यक वेदना टाळण्याचे बंधन घालतो. या मर्यादा पाळून आजारी माणसांसाठी असे प्रयोग करणे मला निषिद्ध वाटत नाही. पण निषिद्ध नाही म्हणजे फुकट आहे, असे नव्हे. ते एक ऋण आहे. ज्यांच्या वेदनेतून आपण शिकलो, त्यांना ते परत करण्याचा मार्ग नाही. जे शिकलो, ते भयग्रस्त माणसांच्या कल्याणासाठी वापरणे, एवढेच आपल्या हाती राहते. आणि इतके शिकूनही जर आपण भिणाऱ्या बांधवाला तोच जुना दोष देत राहिलो, तर त्या जिवांचे दुःख आपण वाया घालवले, असे म्हणावे लागेल.

म्हणून, प्रिय वाचकहो, मंडळीत कोणी आपल्यापाशी येऊन, मला भीती वाटते, असे सांगेल, तेव्हा एलीयाच्या कथेतील क्रम आठवावा. प्रथम त्याच्याजवळ बसावे. तो जेवतो काय, झोपतो काय, हे विचारावे. गरज असेल तर त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जावे. जवळपास कोणी तज्ज्ञ नसेल, तर २०२२ साली सुरू झालेल्या टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक अनेक भारतीय भाषांत साहाय्य देतो, हे त्याला सांगावे. प्रार्थना अवश्य करावी, पण त्याच्या बाजूला बसून. वचनाविषयी बोलण्याची वेळही येईल. एलीयाच्या जीवनात ती आली होती. आणि आपण स्वतः भीत असाल, तर एवढे जाणावे, की आपल्या छातीतील धडधड ही आपल्याविरुद्धची साक्ष नाही. ज्या देहात प्रभू गेथशेमाने बागेत गुडघे टेकून थरथरला, त्याच मानवी देहाची ती धडधड आहे.